सात फुटांतले उरलेले तीन फूट : नागपुरातल्या एका नाल्याचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरच्या नैऋत्य भागातल्या एका लेआउटचं आणि त्याच्या पाठीमागच्या वस्तीचं आहे. दोघांच्या मधून एक नाला जातो आणि पुढे नाग नदीला मिळतो. माणसांची नावं बदलली आहेत, आणि ठिकाण ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत. दोन्ही बाजूंच्या संमतीनं मी यात मध्यस्थ होते. पर्यावरण, पैसा आणि अधिकार यांवरून दोन पिढ्यांत आणि दोन वर्गांत साचलेला राग एका भिंतीच्या निमित्तानं कसा बाहेर आला आणि पुढे त्याचं काय झालं, ते इथे मांडते आहे.

पार्श्वभूमी

लेआउट सत्तरच्या दशकाच्या शेवटी पडला. शेतजमीन एका गृहनिर्माण संस्थेनं घेतली, प्लॉट पाडले आणि सरकारी नोकरदारांनी हप्त्याहप्त्यानं विकत घेतले. पाटबंधारे, वीज मंडळ, जिल्हा परिषद, शाळा असे सगळ्या खात्यांतले लोक तिथे होते. आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. आज त्या एकेका प्लॉटची किंमत मूळ मालकाच्या आयुष्यभराच्या पगारापेक्षा जास्त आहे. वसंतराव त्या पहिल्या खेपेतले. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अनेक वर्षं ते लेआउटचे सचिव होते.

घरं बांधायला जे मजूर आले, ते नाल्यापलीकडे राहिले आणि तीच पुढे वस्ती झाली. मंदाबाईंचे सासरे रामाजी गवंडी होते. लेआउटमधली निम्मी घरं त्यांच्या हातची. मंदाबाई वसंतरावांच्या घरी पंचवीसेक वर्षं काम करतात आणि वसंतरावांची नात ईशा मंदाबाईंच्या कडेवर वाढली. वस्ती घोषित झोपडपट्टी आहे आणि आतल्या गल्ल्यांतल्या बऱ्याच घरांना जमिनीचे पट्टे मिळाले आहेत. नाल्याकाठच्या दोन रांगांना मात्र ‘नाल्याच्या हद्दीत’ म्हणून वगळलं गेलं. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या झोपडीधारकाला कायद्यानं संरक्षण आहे, पण तेव्हापासून राहत असल्याचा पुरावा असेल तर. याच दोन रांगांत खोल्या भाड्यानं घेऊन राहणाऱ्यांकडे आधार कार्डावरच्या पत्त्याशिवाय काहीच नाही.

1996 साली लेआउटच्या बाजूनं नाल्यावर साधारण दोनशे फूट लांबीचा स्लॅब पडला. डास, वास आणि साप या तीन तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. स्लॅबवर गाड्या लागू लागल्या, एका टोकाला ज्येष्ठांसाठी कट्टा आणि पेव्हर ब्लॉकची बाग झाली. टोकाच्या दोन घरांनी आपल्या कंपाउंड भिंती हळूच पुढे सरकवल्या. नंतर लेआउटचे रस्ते सिमेंटचे झाले. जुना डांबरी थर न खरवडता वर सिमेंट ओतलं की रस्ता वर येतो आणि घराचं जोतं खाली जातं, हे नागपुरात ठिकठिकाणी दिसतं. इथेही तेच झालं. अंगणात मुरणारं पाणी आता थेट नाल्यात धावू लागलं.

23 सप्टेंबर 2023 आणि त्यानंतर

त्या रात्री नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि त्यातला मोठा वाटा अवघ्या काही तासांत कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या घरांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. तलावाच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकामुळे पाणी अडलं का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. नाग नदी तुंबली की तिला मिळणारे नाले मागे फिरतात. आपला नालाही फिरला.

लेआउटमध्ये कमरेएवढं पाणी आलं. गाड्या, सोफे, फ्रीज, इन्व्हर्टर, तळमजल्यावरची कपाटं गेली. वस्तीत नाल्याकाठच्या रांगांत ते टिनाच्या पत्र्याला टेकलं. मंदाबाईंच्या घरातून दोन गाद्या, वर्षाचे गहू, मुलाचे डिप्लोमाचे कागद आणि एक बकरी वाहून गेली. दोन्हीकडे जीव वाचले, कारण वस्तीतल्या पोरांनी पहाटे दोर बांधला. त्याच दोरानं त्यांनी लेआउटमधल्या तीन म्हाताऱ्या माणसांनाही बाहेर काढलं. ही गोष्ट पुढच्या महिन्यांत सगळे विसरले, वस्ती मात्र विसरली नाही.

सरकारनं घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना 10,000 रुपयांची मदत जाहीर केली. पंचनाम्याचं पथक आधी लेआउटमध्ये आलं. रस्ता रुंद होता, घरांवर नंबर होते आणि फोन करणारे लोकही होते. वस्तीत ते दोन दिवसांनी पोचलं, तोवर बायकांनी चिखल उपसून घरं धुऊन काढली होती. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ या प्रश्नाला दाखवायला भिंतीवरची रेघही उरली नव्हती. भाडेकरूंचा प्रश्न आणखी बिकट होता. एका माणसाच्या तिथे आठ खोल्या होत्या. आठांपैकी बहुतेक खोल्यांचं वीजबिल त्याच्याच नावावर, त्यामुळे यादीत त्याचंच नाव लागलं. गरीब विरुद्ध श्रीमंत अशी सरळ रेघ या प्रकरणात कुठेच ओढता येत नाही.

प्रश्न उभा राहिला तो भिंतीवरून

2024 च्या सुरुवातीला लेआउटनं नाल्याच्या आपल्या काठावर सहा फुटांची आरसीसी संरक्षक भिंत मागितली. महापालिकेत मार्च 2022 पासून प्रशासक होते आणि नगरसेवक नव्हता. म्हणजे तक्रार ऐकणारं जवळचं दारच बंद. अशा वेळी ज्याचा भाचा, जावई किंवा जुना सहकारी मंत्रालयात अथवा मुख्यालयात बसतो, त्याचं काम होतं. लेआउटकडे अशी माणसं होती. अंदाजपत्रक तयार झालं. वस्तीला ते कळलं, ते आखणी करायला आलेल्या माणसानं चुन्याची रेघ मारली तेव्हा.

भिंत एकाच काठावर बांधली तर पाणी कुठे जाणार, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. वस्तीत काम थांबवायचं ठरलं. नाल्याकाठच्या रांगांतल्या बायकांनी लेआउटमधल्या कामावर जाणं बंद केलं. लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘मुळात अतिक्रमण हटवा, सगळा प्रश्न मिटतो’ असं टाकलं आणि त्याला बरेच अंगठे मिळाले. पुण्या-बंगळुरूला असलेली मुलं ग्रुपवर सर्वांत घाईत होती. पुरात बुडालेला लेआउट अशी ओळख पक्की झाली तर भाव पडणार, बिल्डर मागे हटणार, अशी त्यांची धास्ती होती. तरुण पिढी म्हणजे आपोआप झाडं-पाण्याच्या बाजूची, हा समज इथे पहिल्याच आठवड्यात गळून पडला.

त्या ग्रुपवर ईशानं उत्तर लिहिलं. ती तेवीस वर्षांची, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. पोस्ट लांब होती, पण तिचा गाभा असा : तुमच्या पिढीनं स्वस्तात जमीन घेतली, नाला झाकला, विहिरी बुजवल्या, झाडं तोडून पोर्च काढले. तुम्हाला पेन्शन आहे, आम्हाला सहा-सहा महिन्यांचे करार. उन्हाळा आमच्या वाट्याला, पूर आमच्या वाट्याला, आणि अजूनही ठरवणार तुम्हीच. पोस्ट लेआउटच्या बाहेर गेली आणि फिरत फिरत वस्तीतही पोचली.

वसंतराव चार दिवस नातीशी बोलले नाहीत. मला ते म्हणाले, “सायकलवर खात्यात गेलो मी तीस वर्षं. एक पैसा खाल्ला नाही. चोर ठरवलं पोरीनं.” ईशाचा राग जितका खरा होता तितकंच हे दुःखही खरं होतं.

पहिली बैठक : जी बिनसली

बैठक लेआउटच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला ठेवली गेली. जागा आणि वेळ दोन्ही लेआउटनं ठरवल्या. रविवारी अकराला वस्तीतले पुरुष कामावर असतात, आणि बायका ज्या हॉलची फरशी पुसतात त्याच हॉलमध्ये पाहुण्या म्हणून आलेल्या. तीसेक खुर्च्या होत्या, त्यांवर लेआउटचे लोक आधीच बसले होते. मंदाबाई आणि दहा-बाराजणी दाराशी उभ्या राहिल्या, मग भिंतीला टेकून खाली बसल्या. ‘वर बसा ना’ असं दोघातिघांनी म्हटलं, पण उठलं कोणी नाही.

लेआउटच्या अध्यक्षांनी नकाशा दाखवला. ईशा उठली आणि आजोबांच्या पिढीवर जे लिहिलं होतं ते तोंडावर बोलली. टाळ्या वाजल्या त्या दाराशी बसलेल्या बायकांच्या नाहीत, लेआउटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या. मग प्रज्वल उभा राहिला, मंदाबाईंचा मुलगा. सिव्हिलचा डिप्लोमा करून तो दोन वर्षं पार्सल पोचवतो आहे.

“ताई, तुमचा राग खोटा नाही,” तो म्हणाला. “पण आबाजीचं घर उद्या तुमच्याच नावानं होणार. तुमचं भांडण घरातलं आहे जी. मले वारशात काय भेटन? समोरची भिंत?”

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. ईशा बसली. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच. पिढीचा राग खरा असतो, पण सुखवस्तू घरातल्या तरुण माणसाला तो एक सोय करून देतो. आपण ज्या मिळकतीवर उभे आहोत तिचा हिशेब आजोबांच्या खात्यावर टाकून मोकळं होता येतं. आजोबांनी केलेल्या चुकीचं फळ नात भोगते हे बरोबर, पण त्याच चुकीचं घर आणि बँकेतली ठेवही तिलाच मिळते. प्रज्वललाही आजोबा आहेत, रामाजी, तेही त्याच पिढीचे. त्या आजोबांनी स्लॅब ओतला, मजुरी घेतली आणि नाल्याकाठी राहिले. ‘तुमची पिढी’ असं बोट दाखवलं की या दोन म्हाताऱ्यांमधला सगळा फरक पुसला जातो.

बैठक त्यानंतर उधळली. कुणीतरी ‘चोरीची लाईट वापरता’ म्हणालं, कुणीतरी कंपाउंड भिंतींचा विषय काढला.

कोणते मार्ग होते

पहिला अर्थातच मूळ मागणीचा : भिंत एका काठाला. पैसा मंजूर होण्याच्या बेतात होता आणि पावसाळ्याआधी काम होऊ शकत होतं. त्यानं लेआउट वाचला असता आणि वस्ती जास्त बुडाली असती. शिवाय वस्ती काम होऊ देणार नव्हती, म्हणजे पोलीस बंदोबस्त आणि गुन्हे आलेच.

दोन्ही काठांना भिंत हा मधला मार्ग ऐकायला न्याय्य वाटतो आणि अधिकाऱ्यांना तोच आवडला होता. पण मधल्या स्लॅबखालून पाणी जातच नसेल तर दोन भिंतींमुळे ते फक्त उंच चढणार, आणि जिथे भिंती संपतात तिथल्या तिसऱ्याच वस्तीत शिरणार. नदीला निळी आणि लाल पूररेषा असते, अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या नाल्याला कसलीच रेषा आखलेली नव्हती, त्यामुळे किती उंच भिंत पुरेशी हे कुणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं.

पुनर्वसनाचा मार्ग वस्तीतल्याच काही तरुणांनी मांडला. पंतप्रधान आवास योजनेतली घरकुलं वाठोडा, तरोडी या भागांत, शहराच्या पूर्व टोकाला. प्रज्वलच्या मित्रांना पक्कं घर हवं होतं, नाल्याकाठी त्यांना आयुष्य काढायचं नव्हतं. बायकांचा मात्र ठाम नकार. “तरोडीहून इथं कामाले याचं म्हणजे दोन ऑटो. सकाळी सातच्या कामाले मी निघू कवा?” असा मंदाबाईंचा सवाल होता. चार घरची धुणी-भांडी हीच त्यांची मिळकत आणि ती चार घरं लेआउटमध्ये आहेत. वस्तीतही पिढ्यांचं एकमत नव्हतं, हे लेआउटमधल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. शिवाय घरकुलासाठी स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि भाडेकरूंचं नाव तिथेही यादीत नव्हतं.

न्यायालयात जाण्याचा विचार दोन्ही बाजूंनी केला. अंबाझरीच्या पुराबाबत याचिका आधीच सुरू होती, त्यामुळे धीर आला होता. पण न्यायालय मोजमाप मागेल आणि मोजमाप कोणाकडेच नव्हतं.

शेवटचा मार्ग उघडपणे कुणी बोलत नव्हतं : स्लॅब काढणे. म्हणजे लेआउटची पार्किंग गेली, कट्टा गेला, दोन घरांची कंपाउंड भिंत मागे. वस्तीला खर्च शून्य. लेआउटमधून याला मत मिळेल, असं मलाही वाटत नव्हतं.

मोजणी

कोंडी फुटली ती बैठकीत नाही, नाल्यात उतरल्यावर. पुढची बैठक घेण्याआधी नाला मोजायचा, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र मोजायचा, एवढीच एक अट मी ठेवली. महापालिकेचा कनिष्ठ अभियंता यायला तयार होता, पण त्याच्याकडे यंत्र रिकामं नव्हतं. रामाजी म्हणाले, यंत्र कायले पाहिजे?

त्यांनी घरून लेव्हलची नळी आणली. प्लास्टिकची पारदर्शक नळी, पाणी भरलेली, आत एकही बुडबुडा नाही. एक टोक लेआउटच्या काठावरच्या खांबाला प्रज्वलनं धरलं, दुसरं रामाजींनी वस्तीच्या काठावर. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीला स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि पेन्सिलनं खूण करायची. वसंतराव वहीत आकडे लिहीत होते. त्यांना गुडघ्यांमुळे नाल्यात उतरता येत नव्हतं, ते स्लॅबच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. ईशा टॉर्च घेऊन स्लॅबखाली वाकून गेली आणि काठीनं गाळाची खोली पाहिली.

मूळ नाला तळापासून काठापर्यंत सात फूट खोल होता. स्लॅबखाली अडीच फूट गाळ. मध्ये खांबांची रांग, प्रत्येक खांबाला अडकलेल्या थर्माकोल, गाद्या, फांद्या आणि गणपतीच्या मखराच्या चौकटी. स्लॅबची खालची बाजू काठापेक्षा दीड फूट खाली. सातातले उरले तीन. भिंत सहा फुटांची असो की दहा, पाण्याला जायला वाट तेवढीच.

स्लॅब दीड फूट खाली का, हे प्रज्वलनं विचारलं. नकाशात तर तो काठाच्या वर दाखवला होता. रामाजींनी उत्तर दिलं नाही, ते वसंतरावांकडे पाहत राहिले. वसंतरावांनी वही मिटली.

“वर ठेवला असता तर रस्त्यापासून चढ होत होता. गाड्या चढत नव्हत्या. लोक म्हणाले खाली घ्या. मला कळत होतं, पाणी मोजण्यातच माझी नोकरी गेली. पण सचिव होतो, आणि शेजारी रोज भेटतात. मी सही केली.”

“मी सांगतलं होतं साहेबाले,” रामाजी म्हणाले, “का हे चुकून राहिलं. पण मी मजूर माणूस.”

यात चांगुलपणाचा विजय वगैरे पाहू नये. वसंतरावांच्या कबुलीनं पाण्याची पातळी इंचभरही उतरली नाही. पण तोवर सगळी चर्चा कोणाची पिढी लोभी, कोणाची वस्ती बेकायदा यावर अडली होती. आता टेबलावर तीन आकडे आले आणि त्या आकड्यांना दोन्ही काठांचे साक्षीदार मिळाले. शिवाय एक गोष्ट उघड झाली : चूक माहीत असलेली दोन माणसं 1996 मध्येही हजर होती. एकाला शेजाऱ्यांची भीड पडली आणि दुसऱ्याचं कोणी विचारलंच नाही.

निर्णयाचे तीन क्षण

पहिला क्षण दुसऱ्या बैठकीचा. ती वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात, रात्री साडेआठला घेतली. सगळे सतरंजीवर बसले, ज्यांना गुडघ्यांचा त्रास त्यांच्यासाठी चार खुर्च्या. त्या खुर्च्यांवर दोन्हीकडचे म्हातारे बसले. लेआउटमधून पहिल्या बैठकीच्या निम्मेही लोक आले नाहीत, पण जे आले ते ऐकायला आले होते. स्लॅब निम्मा काढायचा, गाळ मूळ तळापर्यंत उपसायचा, आणि भिंत एका काठाला उंच न करता दोन्ही काठ एका पातळीला आणायचे, असा प्रस्ताव वसंतरावांनी स्वतः मांडला आणि तो मान्य झाला.

दुसरा क्षण कामावर न येणाऱ्या बायकांचा. महिना संपत आला होता. काही घरांनी दुसऱ्या बाया ठेवल्या होत्या आणि वस्तीत चूल पेटवायची पंचाईत होती. लेआउटमधल्या काहींचं मत होतं की थोडं थांबा, त्या आपोआप येतील. त्या आल्याही असत्या, पण हरून. ईशानं घरोघरी जाऊन बंद काळातला अर्धा पगार द्यायला काही कुटुंबांना राजी केलं. सगळ्यांना नाही. मंदाबाईंच्या चारपैकी एक काम कायमचं गेलं.

तिसरा क्षण सप्टेंबर 2024 चा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. लोक वर्षभराचा राग बडग्यांच्या, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या, रूपात मिरवतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत रोगराई, महागाई, भ्रष्टाचार शहराबाहेर घालवतात. वस्तीतल्या पोट्ट्यांनी आपल्या गल्लीपुरता एक बडग्या केला : पुठ्ठ्याची भिंत आणि तिच्यावर पेन्शनीत माणसाचं डोकं, चष्मा लावलेलं. चष्मा वसंतरावांच्या चष्म्यासारखा होता. फोटो लेआउटच्या ग्रुपवर गेला आणि मान्य झालेला प्रस्ताव मोडायच्या बेतात आला. प्रज्वलनं डोकं काढायला सांगितलं नाही, कारण त्याच्या मते वर्षातून एक दिवस तरी हे बोलायची मुभा या शहरानं दिली आहे. मलाही ते पटतं. तो एवढंच म्हणाला की आबाजींचा चष्मा काढा, कारण ते आता आपल्या बाजूनं बोलून राहिले. पोरांनी चष्मा काढला. लेआउटच्या अध्यक्षांचं समाधान झालं नाही, पण वसंतरावांनीच ग्रुपवर लिहिलं की मारबतीवर रागवायचं नसतं. प्रस्ताव टिकला.

काय झालं

अंदाजपत्रक बदलायला वर्ष गेलं. भिंतीचा पैसा एका शीर्षाखाली, गाळ आणि स्लॅब दुसऱ्या शीर्षाखाली. झोन कार्यालयातला अधिकारी मध्येच बदलला. 2025 च्या उन्हाळ्यात जेसीबी आला. स्लॅबचा मधला निम्मा भाग फोडला गेला, तळापर्यंत गाळ निघाला, वस्तीच्या काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, झालं. लेआउटच्या बाजूची भिंत वस्तीच्या काठाच्या पातळीला थांबवली गेली. कट्टा गेला. ज्येष्ठ मंडळी काही महिने त्यावरून नाराज होती आणि त्यात चूक काही नाही. एकट्या राहणाऱ्या माणसांची ती संध्याकाळची जागा होती आणि बदल्यात त्यांना काही मिळालेलं नाही.

टोकाच्या दोन घरांखालचा स्लॅब राहिला. त्या घरांनी न्यायालयातून स्थगिती आणली. वस्तीत राहून नाल्याच्या हद्दीत असणं आणि लेआउटमध्ये राहून असणं यांतला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही : एकाला स्थगिती मिळते, दुसऱ्याला नोटीस.

जुलै 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात इतका पाऊस झाला की शाळांना सुटी द्यावी लागली. लेआउटमध्ये पाणी शिरलं नाही. वस्तीत सर्वांत खालच्या गल्लीत घोटाभर आलं आणि काही तासांत उतरलं. 2023 शी तुलना करणं बरोबर नाही, कारण त्या वेळी अंबाझरी ओसंडला होता आणि या वेळी नाग नदी तशी तुंबली नव्हती. तरीही गाळ काढल्याचा फरक डोळ्यांना दिसत होता.

भाडेकरूंच्या 10,000 रुपयांचं काय झालं? ईशा आणि प्रज्वलनं मिळून भाडेपावत्या, शाळेचे दाखले, गॅसच्या पुस्तिका गोळा केल्या आणि अर्ज दिले. काहींना मदत मिळाली, बाकींच्या अर्जांवर ‘मुदतीनंतर’ असा शिक्का पडला. आठ खोल्यांच्या मालकानं दोन कुटुंबांना आपल्या हातानं पैसे दिले, ते सर्वांसमोर नाव निघाल्यावर.

वेगळं काय करता आलं असतं

पंचनामा. माझ्या दृष्टीनं सगळ्याचं मूळ तिथे आहे. पूर ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत लेआउटमधल्या एखाद्या तरुणानं फोन घेऊन नाल्यापलीकडे जाऊन भिंतींवरच्या पाण्याच्या रेघांचे फोटो काढले असते, तर वस्तीचा अर्धा राग जन्मालाच आला नसता. ईशानं पोस्ट लिहिली ती पाच महिन्यांनी. रेघा पाच दिवसही टिकल्या नव्हत्या.

मोजणी पहिल्या बैठकीच्या आधी व्हायला हवी होती. आकडे नसताना माणसं एकमेकांच्या चारित्र्यावर बोलतात. नळी वस्तीत पहिल्या दिवसापासून होती.

पुनर्वसनाचा मार्ग फार लवकर बंद झाला, असंही वाटतं. बायकांचा नकार कामाच्या अंतरामुळे होता, पक्क्या घराला नव्हता. जवळपासच्या सरकारी जागेवर घरकुल मागता आलं असतं. ती मागणी करायला लागणारी ओळख लेआउटकडे होती, तीच ओळख भिंतीसाठी वापरली गेली. वस्तीतल्या तरुणांच्या मनात आजही हेच सलतं आहे, आणि प्रज्वल ते लपवत नाही.

कामाच्या देखरेखीसाठी जी समिती झाली तिचे सदस्य मिळकत पत्रिका असलेले लोक आहेत, कारण लेआउटच्या उपनियमांत सभासद म्हणजे प्लॉटधारक. वस्तीचे दोघे ‘निमंत्रित’ आहेत, त्यांना मत नाही. ईशालाही नाही, प्लॉट अजून आजोबांच्या नावावर आहे. उपनियम बदलायचा ठराव येत्या वार्षिक सभेत वसंतराव मांडणार आहेत. दोन-तृतीयांश मतं लागतील, आणि टोकाच्या दोन घरांनी विरोधासाठी बाहेरगावच्या मालकांकडून मुखत्यारपत्रं मागवायला सुरुवात केली आहे. पावसाळ्यापूर्वीचा गाळ कोण काढून घेणार, हे त्या सभेनंतरच ठरेल.